डिसेंबरात मुलांना घेऊन बडोद्याला येतेय

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे माहेरी येतेय. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ची. इथे न्यू जर्सीत थंडी सुरू झाली की दोघंही घरातच. मुलाला यंदा चष्मा लागला. डॉक्टर म्हणाल्या, धाकटीला तरी रोज बाहेर खेळायला सोडा. बडोद्याची यादी केली आहे: लक्ष्मी विलास राजवाडा, कामाठीबागेतलं संग्रहालय, पावागड, सरदारांचा पुतळा, दोन मॉल. आणखी काय दाखवू?

दांडिया बाजारची माहेरवाशीण

---

अगं माहेरवाशिणी,

यादी वाचली. गाडीतून उतरायचं, बघायचं, फोटो काढायचे, परत गाडीत बसायचं. यात मुलं खेळणार केव्हा? निदान आठ दिवसांच्या सकाळी मोकळ्या ठेव, कसलाही कार्यक्रम न आखता.

डॉक्टरांचं बोलणं मनावर घे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली होती, आणि नेहमीच्या वेळापत्रकातल्या ३९.५ टक्के मुलांना. तैवानमधल्या शाळा तर २०१० पासून रोज दोन तास बाहेर घालवण्यावर भर देतात. कारण आहे उजेड. घरात तो जेमतेम काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, उन्हात दहा हजारांच्या पुढे. झाडाच्या सावलीतही घरापेक्षा कितीतरी जास्त. त्या उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि नेत्रगोल लांबट वाढायला, म्हणजेच लघुदृष्टी यायला आळा बसतो, असं संशोधकांना वाटतं. लागलेला नंबर याने उतरत नाही. पण धाकटीसाठी हीच वेळ आहे.

आता शेताचं सांगते. डभोईच्या अलीकडे माझ्या दिरांचं शेत आहे, बांधावर जुना वड. गेल्या डिसेंबरात टोरांटोची नात तिथे आली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाली, "आजी, इथे करायचं काय?" मी तुरीच्या शेंगा सोलत होते, सोलत राहिले. ती पाय आपटत बसली. सुनेचा हात दोनदा पर्समधल्या फोनकडे गेला, दोनदा मी तिला खुणेनं थांबवलं. अर्धा तास असाच गेला. मग नातीला मुंगळ्यांची रांग दिसली. तिने वाटेत काडी आडवी ठेवली, मग पानाचा पूल केला, मग रांग कुठून येते ते शोधत वडाच्या बुंध्याशी पोचली. जेवायला हाक मारली तर म्हणाली, "थांब ना."

तो अर्धा तास मोठ्यांनी सोसायचा असतो. आपण घाईने काहीतरी हातात देतो आणि मुलांचा खेळ सुरू व्हायच्या आधीच संपतो. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, सहलीला नेलेल्या प्रत्येक वर्गात हेच पाहिलं.

आणि वडाखाली सूरपारंब्या शिकव. रिंगणात काठी ठेवायची. एकाने पायाखालून ती लांब फेकायची, राज्य घेणारा आणायला धावला की बाकीच्यांनी झाडावर चढायचं. काठी रिंगणात ठेवून त्याने कुणाला तरी शिवायचं, आणि वरच्यांनी पारंबीला लोंबकळत खाली उतरून काठी पकडायची. आपले गुजराती शेजारी यालाच आंबली-पीपळी म्हणतात. ज्या गावाचं नावच वडावरून पडलं, तिथल्या लेकीच्या मुलांना हा खेळ यायलाच हवा.

राजमहाल रोडवरची काकू

---

काकू, नमस्कार.

मी लेस्टरचा, येत्या सुट्टीत मुलांना घेऊन बडोद्यालाच येतोय. दोन शंका. झाडावरून पडली तर? आणि विश्वामित्री नदीतल्या मगरींचं काय? २०२४च्या पुरात त्या रस्त्यावर आलेल्या आम्ही इथून पाहिल्या, तेव्हापासून मुलांची आई धास्तावली आहे.

फतेहगंजचा जावई

---

जावईबापू,

तिची धास्ती रास्त आहे. नदीच्या काठावर उतरायचंच नाही, खेळायला तर मुळीच नाही. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावरून मात्र जरूर दाखवा. थंडीत मगरी अंग तापवायला ऊन खात पडतात, म्हणून पहाटे न जाता दहा-अकराला जा. मग शेजारीच कामाठीबाग. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७९ साली झालेली ही बाग. तिथे पळायला भरपूर जागा आहे.

झाडाबद्दल आमच्या घरात एकच नियम: मूल स्वतःच्या हातापायांनी जिथवर चढेल तिथवरच त्याची फांदी. उचलून वर बसवायचं नाही, आणि खालून "पडशील, पडशील" ओरडायचंही नाही. खरचटेल. हळद लावू.

काकू

---

काकू,

मॉल खोडले. पावागड राहू दे, मुलाला रोपवेत बसायचंय. शेतावर कधी येऊ?

माहेरवाशीण

---

२७ तारखेला ये. पण पहाटे साडेपाचला निघायचं, कारण आधी वढवाणा तलावावर थांबू. बडोदा संस्थानाने १९१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी तो बांधला आणि २०२१ पासून तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. मध्य आशियाच्या हवाईमार्गाने येणारे ८०हून अधिक जातींचे पक्षी तिथे हिवाळा काढतात. मुलांना नावं पाठ करायला लावू नकोस. दुर्बीण एकच आण, म्हणजे आळीपाळीने बघतील आणि एकमेकांना सांगतील. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, मळले तरी चालतील असे. चहाचा थर्मास मी आणते, आणि शेतावर पोंक, म्हणजे आपला हुरडा, भाजायला सांगून ठेवते. जावईबापू, तुमच्या गाडीत दोन जागा असतील तर शेजारची मुलंही घेऊ. सूरपारंब्यांना पाच-सहा जण तरी लागतात.

काकू