व्हर्जिनियाला गृहीत धरू नका

'अमेरिकेतलं व्हर्जिनिया राज्य आता कायमचं डेमोक्रॅट झालं' हे मत मला अजिबात पटत नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट बायडन इथे १० टक्क्यांनी जिंकले आणि पुढच्याच वर्षी रिपब्लिकन यंगकिन २ टक्क्यांनी गव्हर्नर झाले! तेव्हा आमच्या लाउडन काउंटीत जिकडेतिकडे शाळांचाच विषय होता. अंगणाअंगणात 'पेरेंट्स फॉर यंगकिन'च्या पाट्या रोवलेल्या. २०२५ मध्ये डेमोक्रॅट स्पॅनबर्गरबाई जवळपास १५ टक्क्यांनी गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, कारण महागाई आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांवरची कुऱ्हाड. इथे घरटी कुणीतरी वॉशिंग्टनच्या पगारावर जगतं हो. १९७७ पासून २०१३ चा अपवाद सोडला, तर व्हाइट हाउसमधल्या पक्षाला इथल्या मतदारांनी गव्हर्नरच्या निवडणुकीत दरवेळी पाडलंय.