‘जलदूत’ची वाघीण (रेल्वेचा मालडबा) चारचाकी कधी झाली?

मिरज_यार्ड

काल कृष्णाकाठ यांनी गणपतीच्या देखाव्यातल्या त्यांच्या ‘जलदूत’चा, म्हणजे 2016 च्या दुष्काळात लातूरला पाणी नेणाऱ्या रेल्वेगाडीच्या छोट्या मॉडेलचा, फोटो टाकला. खाली लिहिलं, “हातभर लांबून बरं दिसलं की झालं. रिवेट मोजणाऱ्यांनी या छंदाचा पार चोथा केलाय.” तिथंच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, रिवेट राहू द्या, आधी चाकं मोजा. तुमच्या गाडीला चारचाकी जर्मन टाक्या आहेत, दोन्ही टोकांना जोडीजोडीनं बफर (धक्का झेलणाऱ्या तबकड्या), आणि वर निळी ‘जलदूत’ची पट्टी. एप्रिल 2016 मध्ये मिरजेतून लातूरला गेल्या त्या राजस्थानातल्या कोटा वर्कशॉपातून वाफेनं धुऊन आलेल्या बीटीपीएन, म्हणजे एरवी पेट्रोल वाहणाऱ्या टाकीच्या वाघिणी. आठ चाकं, मधोमध डबे जोडणारा सीबीसी कपलर, बाजूला बफर नाहीत. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणी, पंचवीस लाख.

वडील टीएक्सआर, म्हणजे रेल्वेचे गाडी तपासनीस, म्हणून निवृत्त झाले. हातोडीनं चाक वाजवायचे आणि आवाजावरून तडा ओळखायचे. त्या एप्रिलात गुडघे धरलेले असताना मला म्हणाले, पुलावर नेऊन उभं कर. गाडी हलली तसे वाघिणी मोजत होते, नुसते ओठ हलत होते. काल तुमचा फोटो दाखवला तर म्हणतात, “ही रॉकेलची आहे काय?”

मी एकच बीटीपीएन करतोय, आठ महिने झाले. शिडीला सतारमेकर गल्लीतून आणलेली खर्जाची पितळी तार वापरलीय, सोल्डर पटकन धरतं. वरची पायरी लावताना खालची सुटते, म्हणून खालच्या जोडावर ओल्या कापसाचा बोळा ठेवायचा. हे सगळं हातभर लांबून दिसत नाही, मान्य. मला दिसतं.

कृष्णाकाठ

आठ महिन्यांत एक. म्हणजे पन्नास व्हायला तेहतीस वर्षं. तोवर लातूरकरांनी काय प्यायचं?

आमच्या मंडळाच्या पोरांनी तीन आठवडे रात्री जागून गाडी उभी केली. जुन्या टाक्या एका ओळखीच्या माणसानं फुकट दिल्या. त्या दुष्काळात सांगलीनं मराठवाड्याला पाणी दिलं, हे सहावीतल्या पोरांना कळलं. तुमची शिडी बघून काय कळणार?

आणि एवढी खरी वाघीण उभी कुठल्या रुळावर आहे? 16.5 मिलिमीटरच ना? आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676; मॉडेल 1:87 मापाचं, म्हणून भागिले 87, येतात 19.26. तुमचे रूळ स्टँडर्ड गेजचे, म्हणजे प्रत्यक्षात साडेनऊ इंच अरुंद. लग्नात नवरदेवाचा फेटा जरीचा आणि खाली बर्म्युडा, तसलं झालंय ते.

मिरज_यार्ड

बाजारात मिळतो तो रूळ घेतला. रूळ चुकला म्हणून बाकीचंही चुकवायचं का? आणि पाणी सांगलीनं दिलं? गाडी भरली मिरजेत, यार्डापर्यंत जलवाहिनी टाकली मिरजेत, सुटली मिरजेतून.

कृष्णाकाठ

आणि मिरज कुठल्या जिल्ह्यात आहे म्हणे?

बार्शीलाईट

भांडा तुम्ही. आम्ही नॅरोगेजवाले निवांत आहोत. 762 भागिले 87, आलं 8.76, आणि 9 मिलिमीटरचा रूळ दुकानात तयार मिळतो. मीटरगेजचं 11.5 येतं, त्यालाही 12 चा रूळ आहे. मिरज जंक्शनात एकेकाळी तिन्ही गेज होते, त्यातलं नेमकं ब्रॉडगेजच स्केलमध्ये बसत नाही. ज्याचा तोरा जास्त त्याचीच चड्डी तोकडी.

बार्शी लाईट, आमची जुनी नॅरोगेज रेल्वे, 1927 मध्ये मिरजेला पोचली. ती बांधणाऱ्या काल्थ्रॉप साहेबानं अडीच फुटी रुळावर प्रत्येक ॲक्सलला पाच टन धरून वाघिणी आखल्या. मॉडेल करावं तर त्या. लहानपणी आजीबरोबर पंढरपूरला गेलो तेव्हा चढावर डब्यातून उतरून लघवी करून परत गाडी धरणारे बाप्ये बघितलेत मी. तुमची ती जलदूतसुद्धा पंढरपूर, कुर्डुवाडीवरूनच गेली. आमचीच वाट, रुंद केलेली. आभार माना.

मिरज_यार्ड

नॅरोगेजची गाडी चढावर लोक गाठायचे हे खरं. त्यात फुशारकी कसली?

बार्शीलाईट

कारण ती बरोबर मापात करता येते. तुमची येत नाही. विषय संपला.

माहुलीकर

साताऱ्याहून. आमचं स्टेशन गावापासून इतकं लांब की गाडीपेक्षा रिक्षाला जास्त पैसे पडतात, पण ते असो.

मी तपशीलवाल्यांच्या बाजूचा. मागं एका दुकानातून बॉक्सएनचा (उघड्या मालडब्याचा) संच मागवला, पैसे आगाऊ. आत कास्नब बोग्यांऐवजी (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांऐवजी) कुठल्यातरी परदेशी डब्याच्या बोग्या. फोन केला तर म्हणे, “काका, खालचं कोण बघतंय?” हेच ते ‘हातभर लांबून’. गिऱ्हाईक चालवून घेतं म्हणून विकणारा काहीही खपवतो. माझ्या लेआउटवर आदर्की-वाठारचा घाट आहे, तिथं गाडी डोळ्यांच्या उंचीवरून जाते. खालचंच दिसतं!

पण मिरज_यार्ड, तुम्ही फार उंचावरून बोललात म्हणून काल तुमच्या वाघिणीचा फोटो मोठा करून बघितला. नंबरातला अकरावा आकडा चुकलाय. पहिले दोन प्रकाराचे, मग दोन रेल्वेचे, दोन वर्षाचे, चार क्रमांकाचे, शेवटचा तपासणीचा. सम जागांच्या आकड्यांची बेरीज गुणिले तीन, त्यात विषम जागांची बेरीज मिळवा, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो आकडा. तुमचा 4 यायला हवा, तुम्ही 7 टाकलाय.

कृष्णाकाठ

🙏🙏 माहुलीकर, आज संध्याकाळी कंदी पेढे माझ्याकडून.

मिरज_यार्ड

नंबराचे डिकल (चिकटवायची छपाई) एकाकडून छापून घेतले होते. तपासायला हवे होते. काढतो.

तरी एक राहिलंच. बीटीपीएनमध्ये सत्तर हजार लिटर मावतं, पण पाणी पेट्रोलपेक्षा जड, काठोकाठ भरलं तर ॲक्सलवर बोजा जास्त होतो. म्हणून वाघिणीला पन्नास हजाराच्या आसपासच. हे सहावीच्या पोराला सांगितलं असतं तर विज्ञानही झालं असतं. चारचाकी टाकीवर ते कसं सांगणार?

कृष्णाकाठ

आता स्प्रिंगा किती दबल्या तेही मोजा.

बरं, सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी इथं येऊन सांगेलच. पाचव्या दिवशी एक म्हातारे पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे) आले होते. देखाव्यापुढं वाकून उभे राहिले, बोटानं चाकं मोजली. एक, दोन. मग पुढच्या डब्याची. काही बोलले नाहीत. प्रसाद घेतला आणि गेले. पोरं विचारत होती, आजोबा काय शोधत होते.

पुढच्या वर्षी आठ चाकांच्या करू. पन्नास नाही, पाच. आणि रिवेट नाहीत.

मिरज_यार्ड

बीटीपीएनची टाकी वेल्डिंगची असते. रिवेट नाहीतच तिला.

कृष्णाकाठ

मग एवढा वेळ भांडलो कशावर? ती तार कितीला पडते?

मिरज_यार्ड

मीटरवर देतात, फार नाही पडत. खर्जाची पितळी म्हणून मागा, नाहीतर बाजाची पोलादी देतील, तिला सोल्डर सहज धरत नाही.

बार्शीलाईट

पाचच करायच्या तर नॅरोगेजच्या करा की.