‘डिपेंड्स ऑन दॅट हाऊ मेनी’: यातलं ‘दॅट’ आलं कुठून?

कडकभाकरी
परदेशी जाणाऱ्या टॉवेलच्या गठ्ठ्यात टाकायचं एक माहितीपत्रक आहे. मूळ मराठी, त्याचं इंग्रजी केलंय. तपासणाऱ्यानं चार ओळींवर लाल खुणा केल्यात, कारण एकाचंही लिहिलेलं नाही.

१. टॉवेल किती पाणी शोषेल हे तो किती वेळा धुतलाय यावर अवलंबून आहे: ‘डिपेंड्स ऑन दॅट हाऊ मेनी टाइम्स इट इज वॉश्ड’
२. पहिल्या धुण्यात थोडा रंग जातो याची आम्हाला कल्पना आहे: ‘वुई आर अवेअर ऑफ दॅट सम कलर रन्स’
३. धुऊन दिलेला असूनही थोडा आटेल: ‘डिस्पाइट इट इज प्रीवॉश्ड’
४. गठ्ठा जो उघडेल त्याला हे पत्रक द्यावे: ‘टू हूमेव्हर ओपन्स द बेल’

‘यावर’मधल्या ‘या’चं ‘दॅट’ झालं हे दिसतंय. पण ‘ऑन’नंतर नाम हवं असं शिकवतात ना? मग ‘हाऊ मेनी’च्या आधी काहीच नको? आणि हा जो ‘यावर’ आहे, त्याला मराठी व्याकरणात नाव काय?

सातरस्ता
‘ऑन’नंतर नाम हवं, हे अर्धंच शिकवतात. नामाच्या जागी बसणारं अख्खं वाक्यही चालतं. अट एवढीच की ते हाऊ, व्हॉट, व्हेअर, हू, व्हेदर असल्या शब्दानं सुरू व्हावं. ‘दॅट’नं सुरू होणारं वाक्य मात्र ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अबाउट’च्या मागे उभं राहत नाही. ‘इन दॅट’, ‘एक्सेप्ट दॅट’ असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

म्हणून पहिल्या ओळीतलं ‘दॅट’ खोडा आणि ‘ऑन’ ठेवा. दुसरीत उलटं, ‘ऑफ’ खोडा आणि ‘दॅट’ ठेवा: ‘अवेअर दॅट’. ‘इन्सिस्ट ऑन’चंही तेच. पुढे ‘दॅट’ आलं की ‘ऑन’ गळतो. ‘ऑफ द फॅक्ट दॅट’ चूक नाही, पण टॉवेलच्या पत्रकात कशाला? वकिली नोटिशीत शोभतं ते.

अजून एक, कुठे ‘धुतलाय की नाही यावर’ असं असेल तर ‘ऑन व्हेदर’ लिहा, ‘ऑन इफ’ नको. बोलताना इंग्रज ‘ऑन’सुद्धा टाकून देतात, ‘डिपेंड्स हू यू आस्क’ म्हणतात. छापताना ठेवा.

उभाधागा
मूळ रोग ‘यावर’मध्ये आहे. मराठीत क्रियापदानं संपलेल्या वाक्याला ‘वर’ चिकटत नाही, ‘किती वेळा धुतलायवर’ होत नाही. म्हणून वाक्याच्या शेवटी ‘हे’ची खुंटी ठोकायची आणि तिच्यावर ‘वर’ टांगायचा: यावर, याची, याबद्दल. आपल्या सोलापुरात कुठल्याही भाषेच्या घरात जा, हीच गत. कानडीत ‘एष्टु सल अन्नोदर मेले’, तेलुगूत ‘एन्नि सार्लु अनेदानि मीद’. तिन्हीकडे खुंटी आहेच, आणि इंग्रजी लिहिताना ती ‘दॅट’ होऊन सोबत येते.

खुंटी टाळायची मराठीतली सोय म्हणजे कृदन्त, क्रियापदापासून बनवलेला शब्द: धुतल्यावर, धुण्यापूर्वी, वाळेपर्यंत. तिसऱ्या ओळीत तुमच्याकडे ‘असूनही’ आहेच. त्याला इंग्रजीत ‘डिस्पाइट बीइंग प्रीवॉश्ड’ बरोब्बर बसतं. वाक्यच ठेवायचं असेल तर ‘दो इट इज प्रीवॉश्ड’.

गड्डा
पण मग ‘आफ्टर इट इज वॉश्ड’ कसं चालतं? ‘आफ्टर’ही ‘ऑन’च्याच जातीचा की.

सातरस्ता
आफ्टर, बिफोर, अंटिल, सिन्स हे चौघे दोन्ही घरचे, नामही घेतात आणि वाक्यही. पूर्वी त्यांच्यामागे ‘दॅट’ यायचं. १६११च्या इंग्रजी बायबलात मार्कच्या पहिल्या अध्यायात, १४व्या ओवीत, ‘आफ्टर दॅट जॉन वॉज पुट इन प्रिझन’ असं स्पष्ट आहे. पुढे ‘दॅट’ झडलं आणि वाक्य उघडं राहिलं. ‘डिस्पाइट’ आणि ‘ड्युरिंग’ यांना ती मुभा नाही. ‘ड्युरिंग द मशीन वॉज रनिंग’ असं सूचनाफलकांवर दिसतं, तिथे ‘व्हाइल’ हवं.

नामाआधी आला की प्रिपोझिशन, वाक्याआधी आला की कंजंक्शन, अशी एकाच शब्दाला दोन नावं कशाला, असं डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सननं १९२४ सालीच विचारलं होतं. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२च्या व्याकरणानं ते मानलं आणि अशा शब्दांना सरळ प्रिपोझिशनमध्ये घातलं. आपली क्रमिक पुस्तकं अजून जुन्याच वाटेनं चाललीत.

कंबरतलाव
प्रिपोझिशनला मराठी शब्द नाही का? ‘शब्दयोगी अव्यय’ म्हणा की.

उभाधागा
शब्दयोगी म्हणजे शब्दाला जोडून, मागून येणारं. ‘ऑन’ पुढे येतो आणि सुटा लिहितात. ‘पूर्वसर्ग’ म्हणा हवं तर.

कंबरतलाव
‘पूर्वसर्ग’ हिंदीवाल्यांचा. मो. के. दामल्यांनी १९११च्या मराठी व्याकरणात शब्दयोगी अव्ययांची एवढी चर्चा केली ती वाया घालवायची? तसं ‘उपसर्ग’ही आपलाच, पण तो ‘प्र, परा’साठी अडकलाय.

आणि आपण इंग्रजीच्या चुका मोजतोय, पेपरातलं मराठी बघा: ‘हे यावर अवलंबून आहे की पाणी किती गरम आहे’. खुंटी आधी आणि कपडा नंतर! वर ‘या वस्तुस्थितीची जाणीव आहे की’. ‘द फॅक्ट दॅट’चं भूत ते. मराठीत ‘याची’ या दोन अक्षरांत काम होतं.

गड्डा
सगळे तसंच बोलतात आता. अर्थ कळतो ना? आणि शुद्धच पाहिजे तर ‘की’पण टाका, फारसी आहे तो.

कंबरतलाव
ज्ञानेश्वरीत पानोपानी ‘कीं’ आहे हो!

गड्डा
आहे, पण तो बहुतेक ठिकाणी ‘अथवा’ नाहीतर ‘जणू’ या अर्थाचा. ‘म्हणाला की’मधला ‘की’ वेगळा. त्यापेक्षा आपलं ‘येतो म्हणून सांगितला’ बरं. कानडीतलं ‘अंत’ आणि तेलुगूतलं ‘अनि’ हेच काम करतात.

कंबरतलाव
म्हणजे फारसी नको, कानडी चालेल?

कडकभाकरी
चौथी ओळ राहिली. संध्याकाळी छापायला जायचंय.

सातरस्ता
‘टू हूएव्हर ओपन्स’. ‘टू’ दिसला की लोक घाईनं ‘हूमेव्हर’ करतात. पण ‘टू’चा अंमल अख्ख्या ‘हूएव्हर ओपन्स द बेल’वर आहे, एकट्या ‘हूएव्हर’वर नाही. आतल्या वाक्यात तो कर्ता आहे. पडताळा सोपा: ‘ही ओपन्स’ म्हणाल की ‘हिम ओपन्स’? ‘ही’ बसलं तर हूएव्हर. ‘हूमेव्हर यू सेंड’मध्ये मात्र ‘यू सेंड हिम’, म्हणून तिथे ‘म’ आला. मराठीत ही भानगडच नाही. ‘जो’ उघडणारा आणि ‘त्याला’ द्यायचं, दोन कामांना दोन शब्द. इंग्रजीत एकाच शब्दावर दोन्ही ओझी.

उभाधागा
पण ‘बेल’ला मराठीत गठ्ठा लिहिलंय ते खटकतंय. गाठ म्हणतात ना?

गड्डा
कापसाची गासडी. तयार मालाची गाठ.

कंबरतलाव
गठ्ठा धोब्याकडचा.

कडकभाकरी
‘यावर’ला काय म्हणायचं ते राहिलंच.