अमेरिकेत घराच्या पत्त्यावरून शाळा का ठरते?

प्रश्न
माझी बहीण आणि मेहुणे लवकरच न्यू जर्सीत राहायला जात आहेत. भाचीची सहावी नुकतीच संपली. घर शोधताना दलाल सर्वांत आधी स्कूल डिस्ट्रिक्ट (ज्या भागातल्या सरकारी शाळा एकाच स्थानिक मंडळाकडे असतात तो भाग) कोणते हवे ते विचारतो आणि त्यावरून भाडे बदलते. आपल्या राज्य मंडळासारखे मंडळ तिथे नाही का? शाळा सरकारी असूनही शेजारच्या दोन गावांत इतका फरक का पडतो?

उत्तर १
तिथली सरकारी शाळा मुळात गावाची शाळा आहे, हे लक्षात घेतले की बरेचसे कोडे सुटते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ साली कायदा करून पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमायला लावले. पुढे अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेखच आला नाही, त्यामुळे तो विषय राज्यांकडे राहिला आणि बहुतेक राज्यांनी रोजचा कारभार स्थानिक मंडळांवर, म्हणजे स्कूल बोर्डांवर, सोपवला. शिक्षणसुधारक होरेस मॅन यांनी १८३७ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये करातून चालणाऱ्या, सर्वांसाठी खुल्या शाळांचा आग्रह धरला. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा त्याच राज्याने १८५२ मध्ये प्रथम केला, तर मिसिसिपीने सर्वांत शेवटी, १९१८ मध्ये. आज देशात सुमारे तेरा हजार डिस्ट्रिक्टे आहेत. हवाईत मात्र संपूर्ण राज्याचे मिळून एकच.

उत्तर २
वरील उत्तरात पैशाचा मुद्दा राहिला, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून जिथे घरे महाग तिथे शाळेकडे पैसा अधिक. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरातल्या एजवूड या गरीब डिस्ट्रिक्टमधील पालकांनी याविरुद्ध दावा लावला. तिथे कराचा दर शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्सपेक्षा जास्त होता, तरीही दर विद्यार्थ्यामागे एजवूडकडे ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सकडे ५९४ डॉलर होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पालकांविरुद्ध निकाल दिला आणि शिक्षण हा संघराज्याच्या संविधानाने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे म्हटले. तो निकाल मला आजही अन्यायकारक वाटतो. त्यानंतर असे लढे राज्यांच्या न्यायालयांत गेले. न्यू जर्सीच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये गरीब शहरी डिस्ट्रिक्टांना श्रीमंत उपनगरांच्या तोडीचा निधी देण्याचा आदेश दिला. त्यामुळे केवळ भाड्यावरून शाळेचा अंदाज बांधू नका.

उत्तर ३
भाचीला बहुधा सातवीत, म्हणजे मिडल स्कूलमध्ये प्रवेश मिळेल. पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या शाळेची गुणपत्रिका जवळ असू द्या. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणिताची राज्यस्तरीय चाचणी असते, पण आपल्या दहावीसारखी एकच निर्णायक परीक्षा नसते. नववी ते बारावी विषयवार क्रेडिट (विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारे गुणांक) जमवावी लागतात. स्कूल बोर्डाच्या सभा लोकांसाठी खुल्या असतात. घराचा करार करण्यापूर्वी बहिणीने अशा एका सभेला जरूर बसावे, कारण अंदाजपत्रकावर तिथेच चर्चा होते.