'सेव्हन समुराई'च्या अखेरच्या दृश्याची मांडणी कशी पाहावी?

प्रश्न:
जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ सालच्या 'सेव्हन समुराई' या चित्रपटात सात सामुराई, म्हणजे योद्धे, एका खेड्याचे दरोडेखोरांपासून रक्षण करतात. त्यातील भर पावसातल्या लढाईची दृश्यरचना मनात लगेच भरते. परंतु त्यानंतरचे भातलावणीचे आणि टेकडीवरील थडग्यांचे दृश्य मला केवळ कथेचा समारोप वाटते. त्यात नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर:
आपण चौकटीची उंची पाहावी. या चित्रपटाची चौकट उंचीच्या १.३७ पट रुंद, म्हणजे आजच्या मानाने बरीच चौरस आहे, आणि कुरोसावा व छायालेखक असाकाझु नाकाई यांनी तिचा येथे उभा उपयोग केला आहे. टेकडीच्या माथ्यावर मारल्या गेलेल्या चार सामुराईंच्या थडग्यांचे मातीचे ढिगारे असून त्यांत तलवारी रोवलेल्या आहेत, तर पायथ्याशी वाचलेले तिघे, म्होरक्या काम्बेई, शिचिरोजी आणि तरुण कात्सुशिरो, उभे आहेत. विजय शेतकऱ्यांचा आहे, आपला नव्हे, अशा आशयाचे काम्बेई बोलतो तेव्हा त्या शब्दांचा अर्थ प्रेक्षकाच्या डोळ्यांना आधीच कळलेला असतो. माझ्या मते हे दृश्य लढाईपेक्षाही अधिक विचारपूर्वक रचलेले आहे.

दुसरे उत्तर:
वरील विवेचन पटते. मात्र हालचाल हाही मांडणीचाच भाग मानावा. शेतकरी ढोल आणि गाण्याच्या तालावर एका ओळीत वाकून रोपे लावतात, तर सामुराई जागच्या जागी उभे असतात. कात्सुशिरोचे जिच्यावर प्रेम आहे ती शेतकऱ्याची मुलगी शिनो त्याला पाहून क्षणभर थबकते आणि नंतर शेतात उतरून त्या ओळीत मिसळते. दोघांमधील अंतर संवादाविना दाखवणारी ही जागा मला सर्वांत हृद्य वाटते.

तिसरे उत्तर:
सातांपैकी एक असलेल्या हेइहाचीने लढाईआधी रंगवलेले निशाणही आठवावे. त्यावर वर सहा वर्तुळे म्हणजे सामुराई, तळाशी शेतकऱ्यांसाठी एक अक्षर आणि या दोहोंच्या मध्ये सातव्या, किकुचियोचा त्रिकोण आहे. वरखाली अशीच विभागणी पुढे टेकडीवर दिसते, पण एका महत्त्वाच्या फरकासह: शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या आणि निशाणावर वर्तुळ न मिळालेल्या किकुचियोचे थडगे आता माथ्यावर, इतर तिघांच्याच रांगेत आहे.