बंद घर राहतं करताना : २०२०चा मे (गटातली चर्चा, टोपणनावांनी)

माजघर : गावात कौलं परतायची लगबग सुरू झाली आणि २०२०चा मे आठवला. एरवी गणपतीपुरती उघडणारी घरं तेव्हा कोरोनाच्या टाळेबंदीत राहती झाली. शाळेत विलगीकरणाचे चौदा दिवस काढून चाकरमानी घरी पोचले, तर छप्पर चार पावसाळे कुणी हात न लावलेलं. बंद घर राहतं कसं करायचं, नेमकं लिहा मंडळी.

खळं : आधी मेन स्विच बंद. वायर उंदरांनी कुरतडलेली असते. मग कौलं. पागोळीकडून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेकडून, आढ्याकडे जायचं, पाय कौलाच्या मधोमध नाही, खाली रीप (कौलं टेकतात ती लाकडी पट्टी) असते तिथेच. गळती बऱ्याचदा फुटक्या कौलाची नसतेच. जोडात पाचोळा अडकतो आणि पाणी त्याला धरून आत उतरतं. खाचा खराट्याने साफ करा. चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौलं धरा.

रातांबा : कोनेही, म्हणजे आढ्यावरची कौलं, बघा. वारा आढ्याला आणि कडेलाच उचलतो. ३ जूनच्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे किती घरं उघडी पडली! फार वाईट वाटतं अजून.

पाणवठा : विहीर कुणी लिहिली नाही. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर १४ हजार लिटर, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेवा, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा आणि कळशीने ढवळा. खालचा चुना टाकलात तर पाणी जड होतं. तासभर उपसू नका.

खळं : @पाणवठा, गाळ काढल्यावर ना?
पाणवठा : हो हो, आधी गाळ.

ओटी : गणपतीला आठ दिवस राहून घर कळत नाही. त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला, तोवर अख्खा जून-जुलै घरात गेलेला. पश्चिमेची भिंत कुठे ओल धरते ते तेव्हा दिसतं. पडवीला त्या अंगाने चुडताची (माडाच्या झावळ्यांची) झापं बांधा. वाशांना काठीने ठोका. भद्द आवाज आला तर आत वाळवी आहे.

रातांबा : ओटीताई, कोकमाची सोलं वाळली का? इकडे मळभ आलंय.
ओटी : दोन उन्हं बाकी आहेत गो.