क्यूडिस्कमधल्या मेमरीच्या पॅचचा रिव्ह्यू : टेस्टला कोणतं मशीन घेऊ? बजेट १२ हजार

भांडुप_स्लो_लोकल
आमच्या टीममध्ये लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बघणारा एकच होता, तो सोडून गेला आणि त्याच्या वाटचा पॅच माझ्या गळ्यात पडला. लिनक्सच्या नेट/शेड फोल्डरमधल्या आमच्या क्यूडिस्कमध्ये (नेटवर्कची पॅकेट रांगेत लावून सोडणारा कर्नलचा भाग) बदल आहे. फ्लो-टेबलची (फ्लो म्हणजे पॅकेटांचा एक प्रवाह, डीफॉल्टला १०२४) मेमरी आधी केमॅलॉकनं (सलग पट्टा देणारा) घ्यायचे, आता केव्हीमॅलॉकनं. एकूण २३ ओळी. वाचून झाल्या, पण 'रिव्ह्यूड-बाय' (मी तपासलं, अशी सही) लिहायला हात धजत नाही.
घरी टेस्टला वेगळं मशीन हवंय. घर एका खोलीचं, जागा फक्त फ्रिजवर. बजेट १२,०००, वर एक रुपया नाही. काय घेऊ? आणि रिव्ह्यूत नेमकं बघू काय?

लॅमिंग्टनचा_वारकरी
१२ हजारांत आजकाल बरा मॉनिटर मिळत नाही, दादा. मी मागच्या दिवाळीत ३८ ला मिनी पीसी घेतला, ३२ जीबी रॅम. कर्नल कंपाइलला टाकायचा आणि चहा प्यायला जायचं, येईपर्यंत तयार. ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, लॅमिंग्टन रोडची चार दुकानं फिरा, पहिल्या भावाला हो म्हणू नका. रविवारी जाऊ नका.

सी_शिकवणारे_काका
मशीन कशाला? आधी डोळे वापरा. केव्हीमॅलॉक आधी केमॅलॉक करून बघतो, नाही जमलं तर व्हीमॅलॉककडे (सुटे तुकडे जोडून देणारा) जातो. म्हणून सोडताना केव्हीफ्रीच लागतो. जुना केफ्री (व्हीमॅलॉकची मेमरी त्याला सोडता येत नाही) एखाद्या कोपऱ्यात राहिला की संपलं. आणि तो लगेच सापडत नाही, कारण मेमरीच्या एका पानापर्यंतची (पान म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा) मागणी, म्हणजे आपल्या नेहमीच्या मशीनवर ४०९६ बाइटपर्यंत, व्हीमॅलॉककडे जातच नाही. छोट्या टेबलावर टेस्ट पास, मोठ्या टेबलावर ग्राहकाकडे रात्री दोनला फोन. तो फोन मी घेतलाय. त्या वर्षी गणपतीत घरी गेलो नाही.

मुलुंड_चेक_नाका
१०२४ फ्लोंसाठी केव्हीमॅलॉक हवाच कशाला? पूर्वी चालत नव्हतं का?

सी_शिकवणारे_काका
चालत होतं, मशीन ताजं बूट झालेलं असेल तर. महिनाभर चालल्यावर मेमरीचे तुकडे पडतात, सलग मोठा पट्टा मिळत नाही. एफक्यू-कोडेल या क्यूडिस्कमध्येही केव्हीकॅलॉकच (केव्हीमॅलॉकच, फक्त शून्यं भरून) आहे, आणि तिथे फ्लो डीफॉल्टला १०२४च आहेत. उघडून बघा.

मुलुंड_चेक_नाका
आमच्याकडे एचटीबी (दुसरा क्यूडिस्क) आहे. कधी काही झालं नाही.

व्हर्च्युअल_वडापाव
शून्य रुपयांत होतं. व्हर्टमी-एनजी टाका, नवा कर्नल क्यूईएमयूमध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) बूट होतो, ऑफिसचा लॅपटॉप पुरतो. केएसॅन चालू ठेवा (मेमरीच्या चुका पकडतो, पण कर्नलच्या मेमरीचा आठवा हिस्सा तोच खातो, रॅम बघून द्या), केमेमलीक (सोडायची राहिलेली मेमरी शोधतो) आणि डीबग-अॅटॉमिक-स्लीपही (थांबायला मनाई असते तिथे कोड 'झोपला', म्हणजे वाट बघत थांबला, तर पकडतो). मग कर्नलच्या सोर्समध्येच टीसी-टेस्टिंग नावाचा टेस्टचा फोल्डर आहे, तो पळवा.
एवढ्यावर समाधान मानू नका. लहान मेमरीची मागणी लिनक्समध्ये सहसा नापास होतच नाही, म्हणजे एरर पाथ (चूक झाल्यावर चालायचा कोड) कधी चालतच नाही. फॉल्ट इंजेक्शन लावून मुद्दाम पाडा. एकदा पहिली मागणी पाडा, मग दुसरी, मग तिसरी.

लॅमिंग्टनचा_वारकरी
ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू देतात? आमच्याकडे पेन ड्राइव्ह लावला तरी मेल येतो. म्हणून म्हणतो, ३८ टाका आणि सुटा.

भांडुप_स्लो_लोकल
बजेट १२ आहे, ३८ नाही. आणि दादा नाही, ताई.
काका, शोधलं. तीन जागी केफ्री होता, दोन बदललेत. तिसरा इनिटच्या (क्यूडिस्क उभा करणारं फंक्शन) एरर पाथवर आहे, तो तसाच. पण इनिट फसल्यावर डिस्ट्रॉय (आवरून मेमरी सोडणारं फंक्शन) तसाही चालतो ना? मग तिथे सोडायचंच कशाला?

सी_शिकवणारे_काका
शाब्बास ताई. इनिटनं चूक परत दिली की कर्नल डिस्ट्रॉय बोलावतो, म्हणून डिस्ट्रॉयला अर्धवट भरलेलं स्ट्रक्चर पचवता आलं पाहिजे. तिथेही सोडलंत आणि पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, केला नाहीत, तर एकच मेमरी दोनदा सुटेल. ती ओळ बदलू नका, काढायला सांगा.

व्हर्च्युअल_वडापाव
जुनं टेबल कुठे सोडलंय? एससीएच-ट्री-लॉकच्या (क्यूडिस्क बदलताना धरायचं कुलूप, एक स्पिनलॉक) आत असेल तर बघा. व्हीफ्री (केव्हीफ्री व्हीमॅलॉकच्या मेमरीसाठी तोच बोलावतो) प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे इंटरप्टच्या बाहेर, झोपू शकतो, स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं. केफ्री तिथे चालून जात होता, केव्हीफ्री मात्र लॉकच्या बाहेरच ठेवा. एफक्यू या क्यूडिस्कचं रीसाइज (टेबलाचा आकार बदलणारं फंक्शन) वाचा : मेमरी लॉकच्या आधी घेतली, आत जुन्या नोंदी हलवून टेबलाची अदलाबदल केली, जुनं टेबल लॉक सुटल्यावर सोडलं.

मुलुंड_चेक_नाका
मग जीएफपी-अॅटॉमिक (न झोपता मेमरी मागायचा फ्लॅग) टाका, प्रश्न मिटला.

सी_शिकवणारे_काका
सोडण्याचा प्रश्न घेण्याच्या फ्लॅगनं कसा मिटेल? अॅटॉमिकची जागा एनक्यूमध्ये (पॅकेट रांगेत टाकणारं फंक्शन), जिथे झोपताच येत नाही. एफक्यूत तिथे नवा फ्लो मिळाला नाही तर पॅकेट फेकत नाहीत, आतल्या राखीव रांगेत टाकतात. आणि काकांचा शेवटचा सल्ला : फ्लोंची संख्या यूजरकडून येते, तिला वरची मर्यादा आहे का बघा. एफक्यू-कोडेलला ६५,५३६ आहे.

मुलुंड_चेक_नाका
तेच म्हणत होतो मी.

घाटकोपर_मेट्रो
उशिरा आलो. केफ्रीच्या जागी केव्हीफ्री लागेल हां. बाकी जुना थिंकपॅड घ्या, कीबोर्ड एक नंबर.

भांडुप_स्लो_लोकल
सगळ्यांचे आभार. केव्हीफ्री लॉकच्या आतच होता. मर्यादाही नव्हती. पॅच तीन शेऱ्यांसह परत पाठवला. लिहिणाऱ्यानं "माझ्याकडे तर चालतंय" असं उत्तर दिलंय, ते फॉल्ट इंजेक्शनचा लॉग जोडून मिटवीन. लॉग व्हर्च्युअल मशीनवरच काढला, भावाच्या लॅपटॉपवर.
आणि खरेदी पण केली. काल लॅमिंग्टन रोडला जाऊन १,४०० रुपयांना जुना राउटर आणला, १२८ एमबी रॅमचा, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारा. एवढ्याशा मेमरीत मोठा पट्टा लवकर मिळेनासा होतो, केव्हीमॅलॉक खरोखर व्हीमॅलॉककडे जाताना बघायचंय. फ्रिजवर मावला.

व्हर्च्युअल_वडापाव
अहो ताई, त्यावर केएसॅन कसं चालवणार?

भांडुप_स्लो_लोकल
नाही चालवणार. केएसॅनला लॅपटॉप आहे.

लॅमिंग्टनचा_वारकरी
१,४००? ९०० ला मिळतो तो. कोणत्या दुकानात गेलात?